घरच्या बाईला अर्धा तास



साखर कारखान्याच्या पत्रिकेने रक्तातल्या साखरेवर बोलावे, याचे कुणाला हसू येईल. येवो बापडे. देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. आपल्या वाड्या-वस्त्या त्याला अपवाद कशा असतील?

“बाईमाणूस दिवसभर राबतंय, तिला आणि व्यायाम कशाला?” असे पुरुषमंडळी म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. दळण गिरणीत गेले, नळ अंगणात आला. राबणे उरले, पण दम लागेल अशी सलग हालचाल बऱ्याच घरांत उरली नाही.

भरभर चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हा गुण एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून निदान दिवसाआड चालावे. नियमित चालण्याने ट्रायग्लिसराइड ही चरबी उतरते, चांगले कोलेस्टेरॉल थोडे वाढते. वाईट कोलेस्टेरॉल मात्र फारसे हलत नाही, आणि पाळी थांबल्यावर ते चढते. तेव्हा रक्त तपासून घ्यावेच. आठवड्याला किमान १५० मिनिटे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून, कनवटीला साखर बांधूनच निघावे.

खरी अडचण वेळेची नि लोकलाजेची आहे. सून चालायला निघाली की पारावर कुजबुज होते. ती सभासदांनीच बंद करावी. तेवढा अर्धा तास चूल, पोरं नि धार घरधन्याने बघावी. उसाला पाणी द्यायची वेळ आपण चुकवत नाही. हीही चुकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.