वाळूची किंमत

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, हिंदी महासागर व सेंट लूशिया सरोवर यांच्यामध्यें, वाळूच्या उंच टेकड्यांवर गर्द अरण्य उभें आहे. त्या उपसून टायटॅनियम काढावें आणि मग झाडें पुन्हा लावावीं, अशी योजना निघाली होती. १९९६ सालीं सरकारनें ती नाकारली. तरीहि 'वाळूच ती, तिचें एवढें काय?' असें विचारणारे सुज्ञ आहेतच.

त्यांनीं मोटार सोडून, वाटाड्या घेऊन, तेथें एक दिवस पायीं चालावें. माथ्यावर वाळू कोरडी लागते. पायथ्याशीं उतरावें तों पावलें दलदलींत रुततात. पावसाचें पाणी ही वाळूच पोटांत सांठविते व हळूहळू पाझरूं देते. अवर्षणांत सरोवर खारट होतें, तेव्हां या गोड्या पाझरांच्या आधारानेंच कांठचे कित्येक जीव तग धरतात.

खाणीनें गरिबांस काम मिळालें असतें, हा आक्षेप खरा आहे. पण खाण संपली कीं कामहि संपतें. झाडें पुन्हा लावतां येतील. पाणी धरणारे वाळूचे थर पूर्ववत् रचून देण्याची हमी कोणता कंत्राटदार देणार? घरांच्या भिंतींना शुभ्र रंग मिळावा म्हणून रानचा पाणवठा सुकविणें, याला आम्ही तरी उद्योग म्हणणार नाहीं.