स्वतःचं गाणं शोधणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्याभरात एकच निरोप मला व्हॉट्सॲपवर तीन जणांनी पाठवला. पुण्याच्या भाचीनं, शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी आणि अमेरिकेतल्या पुतण्यानं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो वाचला असेल. आफ्रिकेत हिंबा नावाची जमात आहे म्हणे. तिथली बाई झाडाखाली एकटी जाऊन बसते आणि होणाऱ्या बाळाचं गाणं तिला ऐकू येतं. मग ते सगळा गाव शिकतो. जन्माला तेच गाणं, लग्नात तेच, मरतानाही तेच. माणूस चुकला तर त्याला शिक्षा न करता गाव त्याच्याभोवती उभा राहतो आणि त्याचं गाणं म्हणतो. शेवटी तात्पर्य असं, की तुम्हीही तुमचं गाणं शोधा, खरे तुम्ही सापडाल!

भाचीनं खाली लिहिलं होतं, "मावशी, किती सुंदर ना!" ती नुकतीच दोन दिवसांच्या एका शिबिरालाही जाऊन आली. डोळे मिटून आतलं गाणं ऐकायचं म्हणे. फीचा आकडा तिनं सांगितला नाही, मीही विचारला नाही.

आता मी पडले मास्तरीण. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या, तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितली, कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणी कानानं ऐकलं, हे प्रश्न मला पडतातच. त्या निरोपात यातलं काहीच नाही. कधी जमातीचं नाव असतं, कधी नुसतंच 'आफ्रिकेतली एक जमात'. हिंबा हे नामिबियाच्या उत्तरेकडचे गुरं पाळणारे खरेखुरे लोक आहेत. त्यांच्या नावावर आपण काय काय फिरवतो, याचा त्यांना पत्ताही नसेल.

पण माझ्या रागाचं कारण वेगळंच आहे. गाणं एकटं बसून सापडतं आणि ते सापडलं की आपण पुरे होतो, ही शिकवण मला खोटी वाटते. दोन खरी उदाहरणं सांगते, एक दूरचं आणि एक घरचं.

दूरचं आहे सामी लोकांचं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प हा त्यांचा मुलूख. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. माणसामाणसाचा वेगळा योइक असतो. तो त्या माणसाबद्दल नसतो, तो माणूसच त्या गाण्यात असतो, असं ते मानतात. आणि जुन्या रिवाजाप्रमाणे आपला योइक आपणच करायचा नसतो, तो दुसऱ्यानं द्यायचा असतो! धर्मोपदेशकांनी योइकला पाप ठरवलं, शाळांतून त्याला बंदी झाली. सामी पोरांना नॉर्वेजियन करून सोडण्याचं सरकारी धोरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षं चाललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेनं त्याबद्दल माफी मागितली. शाळांबद्दलचं हे वाक्य वाचताना मी चष्मा काढून ठेवला. का, ते पुढे सांगते.

घरचं उदाहरण जात्यावरच्या ओवीचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज 'पारी' या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. ओवीची गंमत अशी की तिच्यात नावाची जागा मोकळी असते. चाल सगळ्यांची, सांगायची रीतही सगळ्यांची, पण नाव भावाचं, लेकीचं, आपल्या गावाचं घालायचं. जात्याला दोघी बसायच्या. एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं उचलायची. आमची माय दळताना आम्हा भावंडांची नावं ओळीनं गुंफायची. माझं नाव आलं की मी गोधडीतून डोकं बाहेर काढायची. मी कोण, हे मला पहिल्यांदा असं कळलं. दुसऱ्याच्या तोंडून, भल्या पहाटे, जात्याच्या घरघरीत.

मग मी शिकले. नागपूर विद्यापीठाची बी.ए. झाले. 'लोकसाहित्य' हा आम्हाला एका प्रश्नापुरता विषय होता, ओव्यांची वैशिष्ट्यं पाठ करून मी मार्क मिळवले. त्याच काळात एकदा माझ्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. गावात पिठाची चक्की आली होती, पण माय डाळ घरच्या जात्यावरच भरडायची आणि भरडताना गायची. मी आत जाऊन म्हटलं, "माय, आता नको म्हणू, त्या हसतील." माय गप्प झाली. नुसतं जातं फिरत राहिलं.

जे घरी केलं तेच पुढे पगार घेऊन शाळेत केलं. आमच्या मारेगाव तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी भाषा वेगळी, तेलुगू-गोंडीच्या गोतातली. चौथीच्या वर्गात एका पोडावरची मुलगी होती. शनिवारच्या बालसभेत तिनं उभं राहून कोलामीत गाणं सुरू केलं. पोरं खिदळली. पोरांना दटावायचं सोडून मी तिलाच म्हटलं, "शाळेत मराठीत म्हणायचं." ती खाली बसली. पुन्हा बालसभेत उभी राहिली नाही आणि चौथीनंतर शाळेतही आली नाही. त्याला दुसरीही कारणं असतील, पण माझं कारण मला माहीत आहे.

आणि त्याच वर्षांत मी बहिणाबाई शिकवत होते! बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी जपली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं. मी फळ्यावर लिहायची, 'बोलीभाषेचा गोडवा'. आणि त्याच तासाला 'मले' म्हणणाऱ्या पोराला 'मला' म्हणेपर्यंत उभं ठेवायची. गोडवा पुस्तकात असला की मार्क मिळायचे, पोराच्या तोंडात असला की छडी. वाचकहो, यापेक्षा मोठा ढोंगीपणा मी आयुष्यात केला नाही.

म्हणून म्हणते, 'तुमचं गाणं शोधा' हा उपदेश उलटा आहे. बहुतेकांचं गाणं हरवलेलं नव्हतं, त्याची लाज वाटायला लावली गेली. ती लाज लावणाऱ्यांत माझ्यासारखे मास्तर पुढे होते. लाज न काढता नुसतं डोळे मिटून बसलं तर आत शांतता सापडेल कदाचित, पण गाणं सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मावशी, जात्याचे दिवस परत आणायचे का? मुळीच नाही. जात्याचं कौतुक करणाऱ्यानं आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. मायच्या हाताचे घट्टे मी पाहिलेत. ओव्यांत सासुरवासाची गाऱ्हाणी उगीच नाहीत. चक्की आली हे चांगलंच झालं. पण कष्ट गेले तशी दोघींनी समोरासमोर बसायची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी आपण दुसरी केली नाही. दुसरं कोणी म्हणेल, माझं गाणं सिनेमातलं आहे, मग? असू द्या की. मी फक्त एवढंच विचारीन, ते तुम्ही कोणाबरोबर म्हणता? कानात बोंडं घालून ऐकलेलं गाणं आवडतं असेल, पण तुमचं नाव त्यात घालणारं कोणी हवं ना.

दोन वर्षांपूर्वी बाजारात एक बाई समोर येऊन उभी राहिली, कडेवर नात. "बाई, ओळखलं का?" तीच होती. मला बोलायला सुचेना. शेवटी म्हटलं, "तुझं ते गाणं मी तोडलं होतं गं." ती हसली. "तोडलं कुठं बाई? आमच्या पोडावर तं अजून म्हन्तेत. ही पन म्हन्ते."

घरी येईस्तोवर तेच डोक्यात होतं. तिची शाळा सुटली, त्याचा दोष माझ्याकडून जात नाही. पण गाणं तिचं शाबूत होतं, कारण ते म्हणायला पोड होता. गाणं हरवलं होतं ते माझं! मायच्या ओवीची चाल मला येते, शब्द येत नाहीत. माय जाऊन तीस वर्षं झाली.

त्या रात्री धाकट्या बहिणीला फोन लावला. तिला एक ओळ आठवत होती, मला तिच्यानंतरचा अर्धा शब्द. तासभर बसून दीड ओवी जमली. तिच्यात नाव बहिणीचं निघालं, माझं नाही. तरी मी ती तिच्याबरोबर म्हटली. एकटीनं बसून मला ती जन्मात आठवली नसती.

तेव्हा भाचीबाई, शिबिर झालं ते झालं. आता तुझ्या आईकडे जा. तिला मुलाखतीसारखं विचारू नको, डाळ निवडायला तिच्याशेजारी बस. ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत लिहून घे, 'मले'चं 'मला' करू नको. आणि बाकीच्या आप्तांनो, यंदा दिवाळीला याल तेव्हा ज्याला जी ओळ आठवते ती घेऊन या. माझी राहिलेली अर्धी ओवी तुमच्यापैकीच कोणाकडे तरी असणार.