स्टोन्स बाटले म्हणे!

रोलिंग स्टोन्सनी १९७८ मध्ये 'मिस यू' काढलं आणि कट्टर रॉकवाले कळवळले: डिस्कोत गेले, बाटले! काय बाटले हो? चार्ली वॉट्सने प्रत्येक मात्रेवर बास ड्रम ठोकला, एवढंच. गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला. आणि त्याच डिसेंबरात? पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' ब्रिटनमध्ये एक नंबर! त्यातला ठेका डिस्कोचाच, निर्माता बॉब एझरिनने सुचवलेला. ते मात्र रॉकवाले आजही डोक्यावर घेतात. मला विचाराल तर खरी पोटदुखी वेगळीच. डिस्को आलं काळ्या आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून. ठेक्याला कसलं आलंय सोवळं-ओवळं, राव? पाय हलला की हलला.