अनवतीर्ण वृषण : प्रतीक्षेची मर्यादा

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या १०० मुलग्यांपैकी १ ते ४ जणांचा एक अथवा दोन्ही वृषण वृषणकोशात उतरलेले नसतात. अकाली जन्मलेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते. वेदना नाही, ज्वर नाही; म्हणून ‘मोठेपणी आपोआप उतरेल’ असा दिलासा वडीलधारे देतात आणि क्वचित आपले वैद्यबंधूही. हा दिलासा बालकास महाग पडतो.

वृषण आपोआप उतरतात हे खरे, परंतु प्रायः पहिल्या सहा महिन्यांतच. (अकाली जन्मलेल्या बालकात हा काळ अपेक्षित प्रसूतिदिनापासून मोजावा.) वृषणकोशाचे तापमान उदरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असते. वर अडकलेल्या वृषणातील बीजपेशींचा ऱ्हास पहिल्या वर्षानंतर वाढत जातो. पीळ पडणे, आंत्रवृद्धी आणि पुढे अर्बुद ही भये वेगळीच. म्हणून सहाव्या महिन्यात बालशल्यतज्ज्ञांकडे पाठवणी व दीड वर्षाच्या आत शस्त्रकर्म, हा आज मान्य क्रम आहे. वय उलटले असले तरी पाठवणी टाळू नये.

निदानास दर्शन, स्पर्शन, प्रश्न पुरेसे आहेत. हात उबदार असावेत, बालक मातेच्या मांडीवर शांत असावे. बोटे वंक्षणाकडून वृषणकोशाकडे हलकेच सरकवावीत. खाली आणलेला वृषण सोडल्यावर तेथेच टिकला, तर तो केवळ आकुंचनशील समजावा. त्यास शस्त्रकर्म नको. मात्र दरवर्षी तपासणी हवी, कारण असे काही वृषण पुढे वर चढतात. सोनोग्राफीसाठी पाठवणी लांबवू नये. नवजात बालकाचे दोन्ही वृषण हाती लागत नसतील, तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. त्यामागे अधिवृक्क ग्रंथीचा प्राणघातक जन्मजात विकार असू शकतो.

‘शस्त्रकर्म टाळण्यासाठीच तर लोक आपल्याकडे येतात’, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु अडकलेला वृषण खाली आणणारे सिद्ध औषध आपल्याकडे नाही. संप्रेरकांची इंजेक्शनेही आता शिफारशीत राहिलेली नाहीत. अष्टविध शस्त्रकर्मे सांगणाऱ्या सुश्रुतांच्या परंपरेस शस्त्रसाध्य व्याधी ओळखून पाठविण्यात कमीपणा तो कसला? औषधालयाच्या चालकांनीही अशा बालकासाठी वृष्य चूर्ण किंवा मर्दनाचे तेल देण्याऐवजी वय विचारावे व वैद्याकडे धाडावे. बाटली संपेपर्यंतचे महिने परत मिळत नाहीत.

पुष्य नक्षत्रास सुवर्णप्राशनासाठी येणारी बालके दरमहा आपल्या दृष्टीसमोर असतात. त्यांच्या नोंदपत्रात वजन-उंचीच्या शेजारी ‘वृषण : दोन्ही स्वस्थानी आहेत काय?’ असा एक रकाना वाढवावा. यास खर्च नाही. लाभ मात्र त्या बालकास आयुष्यभराचा आहे.