वाऱ्याचा सभासद

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रूढ तारीख 12 जून. जागतिक पवन दिन 15 जूनला. या दोन तारखा एकाच श्वासात आठवाव्यात असे एक गाव कावेरीच्या काठी आहे, गोविंदपुरम्. कुंभकोणमहून मायिलादुतुराईच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात ते येते. जूनच्या मध्यावर इथल्या शेतकऱ्याचे डोळे कालव्याकडे लागलेले असतात, कारण कुरुवै भाताची रोपे त्या पाण्यावर जगायची असतात. पाणी पोचायला काही दिवस जातात. पश्चिमेचा वारा मात्र आधीच येऊन राहिलेला असतो. पुढे आडी महिना लागला, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, की पाटासुद्धा उडून जाईल असा वारा सुटतो, अशी तमिळ म्हण आहे.

यातल्या पाण्याचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूला 404.25 टीएमसी आणि कर्नाटकाला 284.75 टीएमसी पाणी ठरवून दिले. पाव टीएमसीपर्यंत मोजलेला हा वाटा शंभराहून अधिक वर्षे भांडून पदरात पडलेला आहे. वाऱ्याचा असा हिशेब कुणी मांडत नाही. तो ज्या गावावरून वाहतो त्या गावाचाही त्याच्या कमाईत वाटा असावा, हा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही. पवन दिनाच्या निमित्ताने आम्हाला तो मांडायचा आहे. त्यासाठी गोविंदपुरम्‌ला जायचे कारण असे, की वाऱ्यावर आलेली माणसे आणि त्यांनी जमिनीला दिलेला वाटा, दोन्हींचा इतिहास त्या मुलखात सापडतो.

गोविंदपुरम्‌पासून पन्नासेक किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. 1620 मध्ये डेन्मार्कची शिडाची जहाजे तिथे आली. तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना किनाऱ्याची एक पट्टी दिली आणि त्यांनी तिच्यावर डॅन्सबोर्ग किल्ला बांधला. बदल्यात तंजावरला दरसाल रक्कम पोचती करायची, असा करार होता. पुढे 1676 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले, राज्य मराठ्यांचे झाले, तरी तो भरणा चालू राहिला. मध्ये कुरबुरी झाल्या, व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांच्या काळात तरंगंबाडीला वेढाही पडला. पण हिशेब तुटला नाही. 1845 मध्ये डेन्मार्कने बंगालातल्या सेरामपूरसह ती वसाहत इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. सव्वादोनशे वर्षांच्या या कहाणीत परक्या सत्तेची घमेंड आहे, युद्धे आहेत, ती आम्ही नजरेआड करत नाही. तरी एक गोष्ट उरते. वाऱ्याच्या बळावर व्यापाराला आलेल्याने ज्या मातीवर पाय ठेवला, तिला वर्षाकाठी काही द्यावे लागत होते.

मराठी माणूस या मुलखात आला तो तलवारीच्या वाटेने. राहिला मात्र वेगळ्या वाटेने. शाहजी राजांनी 1693 मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना वसवून दिले. त्याच काळात नामस्मरणाचा मार्ग सांगणारे बोधेंद्र सरस्वती गोविंदपुरम्‌ला समाधिस्थ झाले. नंतर ती समाधी नदीच्या वाळूत हरवली, आणि मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी वाळूला कान लावून, आतून येणाऱ्या रामनामाच्या आवाजावरून ती शोधून काढली, अशी आख्यायिका आहे. आज त्याच गावात विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य देऊळ उभे आहे. त्याचा कुंभाभिषेक 2011 मध्ये झाला. बाजूला मोठी गोशाळा आहे.

या परंपरेतली भजनाची पुस्तके हातात घेऊन पाहावीत. अभंग मराठी, लिपी तमिळ. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर. म्हणून त्या अक्षराच्या खांद्यावर बारीक 2, 3, 4 असे आकडे छापलेले असतात. ‘घ’ म्हणायचा असेल तिथे चार. म्हणणाऱ्याचे बोट ओळीवरून सरकत असते आणि तो आकडा पाहून जीभ वळवत असतो. घरात मराठीचा एक शब्दही न बोलणारा माणूस आपल्या पांडुरंगासाठी एवढी खटपट करतो. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. राज्य 1855 मध्ये खालसा झाले, विठ्ठल राहिला. कारण तमिळ माणूस त्या भजनात नुसता ऐकणारा राहिला नाही. टाळ त्याच्या हातात आला, चाल त्याच्या गळ्याची झाली. बाहेरून आलेली वस्तू गावची होते ती अशी.

डेन्मार्क या किनाऱ्यावर पुन्हा आला, आणि तोही वाऱ्यासाठीच. 1986 मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पवनचक्क्यांचे देशातले पहिले प्रकल्प सुरू झाले. एकेक 55 किलोवॅटची ती यंत्रे डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीची होती. दशक संपता संपता डेन्मार्कच्या सरकारी मदतीतून तमिळनाडूत आणि गुजरातेत आणखी मोठे प्रकल्प झाले. मग नव्वदच्या दशकात करसवलतींमुळे कोइम्बतूर-तिरुप्पूरच्या गिरण्यांनी मुप्पंदल, उडुमलपेट भागात पवनचक्क्यांची रांग लावली. आज तमिळनाडूची पवनऊर्जा क्षमता दहा हजार मेगावॅटच्या पुढे आहे. देशाने मार्च 2025 मध्ये पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. कोळशाच्या धुराखाली वाढलेल्या पिढीला या आकड्यांचे समाधान वाटावे, आणि ते आम्हालाही वाटते.

पण डेन्मार्ककडून आपण यंत्र घेतले, त्यामागची रीत घेतली नाही. तिथे पवनचक्कीचे पहिले मालक बहुतेक शेतकरी आणि शेजारी होते, चार-चार घरांनी वर्गणी काढून ती उभी केलेली. कोपनहेगनसमोर समुद्रात मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या आहेत, त्यांतल्या निम्म्या हजारो नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या. 2009 मध्ये तर कायदाच झाला. नवा प्रकल्प उभारणाऱ्याने किमान वीस टक्के हिस्सा आजूबाजूच्या साडेचार किलोमीटरमधल्या रहिवाशांना आधी देऊ करायचा. पुढे ती तरतूद बदलली. पण वीज घरात यायच्या आधी मालकी गावात आली होती, आणि आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे.

आपल्याकडे काय झाले? साताऱ्याकडच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर, साक्रीच्या ब्राह्मणवेलला पाती फिरतात. गावाला जमिनीची किंमत एकदाच मिळते. एक रस्ता होतो, चार-दोघांना रखवालीची नोकरी लागते. पुढची वीस-पंचवीस वर्षे वारा वाहतो आणि त्याची कमाई दूर कुठल्या तरी ताळेबंदात जमा होते. जमीन विकली, विषय संपला, असे म्हणणाऱ्यांनी वाऱ्याचे गणित पाहावे. वेग दीडपट झाला तर त्यातली शक्ती तिपटीहून अधिक होते, दुप्पट झाला तर आठपट. म्हणजे दोन गावांतला फरक जमिनीच्या कसाचा नसतो, खिंडीचा आणि पठाराच्या कडेचा असतो. ज्या पठारावर नाचणीसुद्धा जेमतेम येते, तेच वाऱ्याच्या हिशेबात पहिल्या प्रतीचे ठरते. ही दौलत त्या जागेची आहे. खातेउताऱ्यावरच्या दरात ती धरलीच गेली नाही.

महाराष्ट्राला याची वाट दुसऱ्याने दाखवायला नको. 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हा ऊस घालणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. सहकाराचे पुढे जे व्हायचे ते झाले, त्यातली दुखणी आम्ही अनेकदा लिहिली आहेत. पण ‘सभासद’ या शब्दाने गावच्या माणसाची मान वर केली, हे कुणी नाकारू नये. वाऱ्याच्या गावांनाही तो शब्द मिळाला पाहिजे. पवनचक्कीला भांडवल फार लागते आणि गावाला ते झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून सगळी मालकी मागू नये. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात दरमहा जमा व्हावेत, आणि जुन्या, छोट्या पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवताना थोडा हिस्सा गावच्या संस्थेसाठी राखून ठेवावा. सातारा आणि तमिळनाडू या दोन्ही ठिकाणी पहिल्या पिढीची यंत्रे आता थकत आली आहेत. नवे करार होतील ते याच काही वर्षांत, आणि एकदा झाले की पुन्हा पंचवीस वर्षे तसेच राहतील.

गोविंदपुरम्‌ला स्वतःची पवनचक्की नाही. पश्चिमेच्या डोंगरखिंडीतून निघालेला वारा इथपर्यंत येईतो बराच मऊ झालेला असतो. संध्याकाळी देवळात टाळ वाजू लागतात तेव्हा बाहेर वाफ्यातली कोवळी रोपे पूर्वेकडे झुकलेली असतात, आणि बांधावरचा शेतकरी पश्चिमेकडे तोंड करून पाण्याची चाहूल घेत उभा असतो.