निबंध कोणास उद्देशून?

१९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्यास कल्याणीनगर भागांत एका मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याच दिवशीं त्याला जामीन मिळाला, आणि जामिनाची एक अट अशी कीं, त्यानें अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा! यावर उसळलेला क्षोभ सर्वस्वीं योग्यच होता. परंतु त्या भरांत आमच्या सुशिक्षित मंडळींनीं जो निष्कर्ष काढला, कीं पोरांना सरसकट मोठ्यांच्या तुरुंगांत कोंडावें, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. निबंधाचा खरा दोष तो हलका होता हा नव्हे. तो कोणासच उद्देशून नव्हता, हा होय.

कॅनडांतील एल्मायरा गांवीं १९७४ सालीं विशीही न गांठलेल्या दोघां तरुणांनीं एका रात्रींत २२ ठिकाणीं नासधूस केली. या दोघांस त्या घरोघरीं नेऊन उभें करावें, असें एका प्रोबेशन-अधिकाऱ्यानें सुचविलें. न्यायाधीश प्रथम कचरले, मग राजी झाले. पोरें दारें ठोठावीत हिंडलीं, गुन्हा तोंडानें कबूल केला, लोकांचें ऐकून घेतलें आणि पुढें भरपाईही केली. त्यांतला एकजण उत्तरायुष्यांत याच कामांत पडला. न्यूझीलंडनें १९८९ सालीं अशा बैठकींना कायद्यांतच स्थान दिलें: मुलगा, त्याचे आप्त, पोलीस आणि ज्याची हानि झाली तो मनुष्य एकत्र बसतात. खून व मनुष्यवध मात्र तेथेंही बालन्यायालयाच्या कक्षेबाहेर आहेत. तेव्हां पुण्यासारख्या प्रकरणीं नुसत्या बैठकीवर भागावें, असें आमचें म्हणणें नाहीं.

याला सौम्यपणा म्हणणारांनीं थोडा विचार करावा. कोर्टांत वकील बोलतो, बाप पैसा ओततो. मुलगा मान खालीं घालून बसला तरी चालतें. बैठकींत मात्र जिचें दुकान फोडलें त्या बाईच्या नजरेस नजर देऊन त्यालाच बोलावें लागतें. आमच्या वर्गाला खरी धास्ती याचीच आहे! आपल्या बाळ्यानें शेजाऱ्याची कांच फोडली, तर आम्ही पैसे पाठवितों, बाळ्यास पाठवीत नाहीं. मोलकरणीच्या पोरानें घड्याळ उचललें, कीं तात्काळ पोलीस आठवतात.

श्रीमंत पक्ष अशा बैठकींत गरिबाचें तोंड पैशानें बंद करील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. म्हणूनच गुन्हा कबूल झाल्यावांचून बैठक नको, मंडळाच्या देखरेखीवांचून नको, आणि जिची हानि झाली त्या व्यक्तीस ‘मी येत नाहीं’ म्हणण्याची पूर्ण मुभा हवी.

आमच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या १८ व्या कलमांत समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेख, विशेष गृह, सारें कांहीं आहे. ज्याचें नुकसान झालें त्याला भेटण्याची तरतूद तेवढी नाहीं. ती त्या कलमांत घालावी, एवढीच आमची मागणी आहे. मग निबंधही हवा तर खुशाल लिहवून घ्यावा.