रुमालाखालचा विश्वास

जपानी सुशीच्या उंची काउंटरवर बसणारा खवय्या स्वतः काहीच मागवत नाही. 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपवले', एवढेच तो म्हणतो. मात्र आचाऱ्याची सुरी त्याच्या डोळ्यांदेखत चालते. तोक्योच्या तोयोसु बाजारात ट्यूनाचा लिलावही बोटांच्या खुणांनी, पण सर्वांसमक्ष होतो.

वाशीच्या एपीएमसी मार्केटात कोकणातला बागायतदारही हापूसच्या पेट्या आडत्यावर सोपवतो. येथेही भाव परंपरेने बोटांनीच ठरत आला. पण रुमालाखाली, आणि बागायतदार शेकडो किलोमीटर दूर असताना. त्याच्या हाती येते ती केवळ पट्टी.

विश्वास टाकणाऱ्याला व्यवहार पाहण्याचा हक्क हवा, असे आम्हांस वाटते. आडत्या प्रामाणिक असेलही. मग त्याला रुमाल कशाला हवा?